डीएमसाहेब

आमचा भाचा डीएम झाला ही बातमी मला घरून नाही, गिरणीच्या मिस्त्रीकडून कळली. मिस्त्री बिहारकडचा. आपण ज्याला कलेक्टर म्हणतो त्याला त्याच्या मुलखात डीएम म्हणतात. एका संध्याकाळी तो हातपाय धुऊन, केसांना तेल चोपडून, धुतलेला सदरा घालून माझ्या टेबलापुढे उभा राहिला. हातात घडी घातलेला अर्ज. गावाकडे बांधावरून भांडण चाललं होतं.

"मुनीमजी, इतने दिन बताया नहीं आपने. भांजा डीएम है!"

मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. भाचा त्या वेळी गिरणीच्या गच्चीवर, रिकाम्या बारदान्यावर मांडी घालून, तीन मित्रांना सांगत होता की तुमच्यासमोर दरी आहे आणि दरीतून धूर निघतो आहे. मित्र त्याला खरोखरच "डीएम, ओ डीएम" अशा हाका मारत होते.

डीएम म्हणजे डन्जन मास्टर. सरळ मराठी केलं तर तळघराचा मालक. पण गोंदियात तळघराचा मालक म्हटलं की माणूस आधी तांदळाचा साठेबाज वाटतो, म्हणून ते भाषांतर आम्ही सोडून दिलं. खेळ अमेरिकेतला, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, १९७४ सालचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो रचला. त्यातला गायगॅक्स विम्याची नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करायचा, हे भाच्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. हेच का सांगितलं, ते मागाहून उमगलं. त्याचीही पुण्यातली नोकरी २०२० च्या लॉकडाउनमध्ये गेली होती आणि ताईनं "जरा कामाला लाव रे याले" म्हणून त्याला आमगावहून माझ्याकडे धाडलं होतं. मोठ्या लोकांच्या चरित्रात बेकारी कुठल्या पानावर येते, हे बेकार माणसाला नेमकं पाठ असतं.

या खेळाला पट लागत नाही. एकजण जग सांगतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन राहतात. तुम्ही म्हणायचं, "मी दार उघडतो." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. दार उघडलं, की दारच अंगावर आलं, ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा गोंदियात कोणत्या दुकानात मिळणार? पार्सल येईपर्यंत आम्ही स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या घालून हाऊजीसारख्या काढल्या. एकदा डब्यात चुकून किराण्याची चिठ्ठी गेली आणि एका योद्ध्याचा वार 'पावशेर जिरं' इतका बसला.

पण खेळ हा या प्राण्याचा दुय्यम उद्योग. मी आता ही जात चांगली ओळखतो. खऱ्या डीएमला खेळायचं नसतं, त्याला जग मांडायचं असतं. खेळाडू म्हणजे मांडवात आलेले पाहुणे. स्वयंपाक जमला, हे सांगण्यापुरते हवेत. आमच्या डीएमनं गिरणीच्या जुन्या, अर्ध्या कोऱ्या वह्या मागून घेतल्या आणि तीन महिन्यांत चार भरल्या. राजवंश, शिक्के, शाप, लिपी. टोल्कीननं आधी भाषा रचल्या आणि त्या बोलायला माणसं हवीत म्हणून मग गोष्टी लिहिल्या, असं तो वरचेवर सांगे. मी म्हटलं, "तुह्या भाषा झाल्या, लिप्या झाल्या, आता गोष्ट?" तो म्हणाला, "मामाजी, अजून हवामान राहिलं आहे."

जेवताना घास हातात धरून तो मध्येच थांबायचा. एकदा म्हणाला, "माझ्या जगाला तीन चंद्र आहेत." मामी भात वाढत होती. तिनं विचारलं, "मग संकष्टीचा उपास कोणत्या चंद्रावर सोडायचा?" तो काही बोलला नाही. भातही पुरा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी वहीत दोन चंद्र खोडलेले दिसले.

आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. आठ तालुक्यांची एक वाटणी करायला किती बैठका, किती मोर्चे, किती निवेदनं! या पोरानं एका रात्रीत अकरा राज्यं वेगळी केली आणि सकाळी उठून त्यांतली दोन बुडवली. नकाशा मात्र देखणा काढला होता. तो आम्ही बारदान्यावर पसरला, तेव्हा वनरक्षकाच्या परीक्षेला बसणाऱ्या त्याच्या मित्रानं फक्त एवढंच म्हटलं, "नदी समुद्रातून निघून डोंगरावर चालली बे." खोडरबर आलं. मग त्याच मित्रानं जंगल तपासलं. जंगलात ओक आणि बर्च. "हे कोणी पाहिले? नागझिऱ्यात जा. साग आहे, ऐन आहे, मोह आहे, तेंदू आहे. चितमपल्ली साहेबांनी नवेगावबांधले राहून पाखरापाखराचं नाव लिहून ठेवलं, अन् तुह्या जंगलात नुसता 'एक पक्षी ओरडला'?" त्या दिवसापासून डीएमच्या अरण्यात मोहफुलं वेचणारी माणसं आली, आणि माझ्या मते ते जग त्या दिवशी पहिल्यांदा ओलं झालं.

नावांचं प्रकरण असंच. आधी सगळी नावं एल्थोरियन, झायरॅक्स अशी, ओठ सोलून निघतील अशी. मग त्याला एक युक्ती सुचली. गोंदिया उलटं केलं: यादिगों. पऱ्यांची राजधानी वाटते की नाही? तिरोड्याचं झालं डारोति, तिथे बुटक्या लोहारांचा किल्ला. देवरीची झाली रीवदे नावाची चेटकीण. सालेकसा उलटं केल्यावर साकलेसा होतं, म्हणजे जवळपास होतं तिथेच राहतं. सालेकशाला जाऊन आलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. आमच्याकडे मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणून सरकारी कागदात त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. डीएमच्या नकाशात त्याचं झालं 'मातुल सरोवर', आणि त्याच्या तळाशी एक म्हातारा, चष्मा लावणारा, सगळ्यांचे हिशेब ठेवणारा राक्षस राहू लागला. मी काही बोललो नाही.

एका ठिकाणी मात्र त्याला कोणीतरी अडवलं, आणि बरं झालं. मुख्य राक्षसाची गुहा त्याला कचारगडासारखी हवी होती. सालेकशाकडच्या त्या प्रचंड नैसर्गिक गुहा, माघ पौर्णिमेला तिथे लोटणारी गोंडी समाजाची यात्रा, हे सगळं त्याला 'सेटिंग' म्हणून फार आवडलं होतं. चौघांतली बँकेत काम करणारी मुलगी गोंड. तिनं पेन खाली ठेवलं. "तिथे आमचे देव आहेत. तुझा राक्षस दुसरीकडे ठेव." एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. डीएमनं गुहा उचलली आणि एका काल्पनिक डोंगरात नेऊन ठेवली, आणि त्या दिवशी तो नेहमीपेक्षा कमी बोलला. जग रचणाऱ्याला वाटतं की आपण कोऱ्या कागदावर लिहितो आहोत. आमच्या भागात कोरा कागद फक्त माझ्या जुन्या वह्यांत.

मग पात्रं. पात्राचे गुण सहा: बळ, चपळाई, अंगकाठी, बुद्धी, शहाणपण आणि छाप. तीन साधे फासे टाकायचे, येईल ती बेरीज. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. बुद्धी आणि शहाणपण वेगळे कसे, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तलाव किती खोल आहे ते मोजता येणं ही बुद्धी. पोहता येत नाही म्हणून काठावर बसणं हे शहाणपण." पोरगं वाया गेलेलं नाही, असं मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं. माझी छाप पाच आली. मामी म्हणाली, फासे बरोबर आहेत.

पात्राला पूर्वकथा लागते. इथे मी पाहिलं की या खेळातले सगळे वीर पोरके असतात. गाव जळालेलं, आईबाप मारलेले, हातात एक तुटकी तलवार. मला कारण विचाराल तर पोरक्या माणसाला घरून फोन येत नाही, तो निवांत राक्षसाच्या मागे जाऊ शकतो. पण आमच्याकडे माणसाला पोरकं करणं सोपं नाही. आईबाप गेले तरी दोन काका, तीन आत्या, आमगावची मावशी आणि सातबाऱ्यावरचे चौदा हिस्सेदार शिल्लक राहतात. एवढे सगळे मारायचे तर पूर्वकथेतच सगळा दारूगोळा संपायचा. बँकेतल्या मुलीची तिरंदाज पहिल्याच मोहिमेतून परत आली, कारण चुलतबहिणीचा साखरपुडा होता. डीएम म्हणाला, असं चालत नाही. ती म्हणाली, चालतं.

तरुणपणी मी मंडईत नाटक केलेलं आहे. म्हणजे भाला धरून उभा राहिलो आहे, पण रात्रभर. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात, आणि रात्री जेवणं उरकल्यावर सुरू झालेलं नाटक तांबडं फुटेपर्यंत चालतं. तिथला लेखक पात्रं कशी घडवतो ते मी जवळून पाहिलं. खलनायक हवाच, विनोदी जोडी हवीच, आणि आई तर हवीच हवी. पहाटे तीनला पेंगणाऱ्या प्रेक्षकाला तिच्याशिवाय कोण उठवणार? वडशाच्या नाटक कंपन्यांनी या धंद्यावर गाव उभं ठेवलं आहे, आणि झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मी डीएमला म्हटलं, तुह्या जगात आई नाही, म्हणून ते कोणाला रडवत नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं: 'आई (पर्यायी)'.

आता मिस्त्रीकडे वळू. भाच्यानं त्याला खरं काय ते सांगितलं. मिस्त्रीनं अर्जाची पुन्हा घडी घातली, पण गेला नाही. बसला. म्हणाला, हमें भी कुछ बना दो. डीएमनं यादी वाचली: योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर. मिस्त्री विचार करून म्हणाला, "राजमहल में कभी कुछ टूटता नहीं क्या?" अशा रीतीनं पन्नास वर्षांच्या त्या खेळात बहुधा पहिला मिस्त्री दाखल झाला. त्याचे फासे टाकले, तेव्हा बुद्धी सतरा आणि शहाणपण सोळा. डीएमनं दोनदा मोजले.

मग मुख्य मोहीम सुरू झाली. चार वह्यांचं जग, नऊशे वर्षांचा इतिहास, दरीत धूर. डीएम उभा राहून आवाज घोगरा करून म्हणाला, "तुम्ही यादिगोंच्या वेशीत शिरता. समोर बाजार आहे. काय करता?"

गिरणीमालकाचा पोरगा म्हणाला, "इथे धानाचा भाव काय आहे?"

डीएमनं वही उलटली. दुसरी उलटली. नऊशे वर्षांत त्या राज्यात कोणी काय खाल्लं, याची नोंद नव्हती.

त्यानंतरच्या तीन बैठका धानावर गेल्या. हमीभाव ठरला. बोनस मिळाला पाहिजे म्हणून पऱ्यांच्या राणीला निवेदन गेलं. मी माझ्या पाच छापेसकट शिष्टमंडळात होतो. बुटक्या लोहारांनी कट्ट्यामागे किती हमाली घ्यावी, यावर वनरक्षक आणि गिरणीवाला यांचं खरंखुरं भांडण झालं आणि दोघं दोन दिवस बोलले नाहीत. डीएम कासावीस. "अरे, दरीत ड्रॅगन आहे! राज्य जळून जाईल!" सगळे म्हणत, हो हो, जाऊ, आधी खरेदी केंद्र उघडू दे.

शेवटी एका पावसाळी रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, आम्ही दरीत उतरलो. डीएमनं ड्रॅगन असा काही उभा केला की मला खाली गिरणीच्या पट्ट्याचा आवाजसुद्धा त्याचा श्वास वाटला. लाल डोळे, खवले, तोंडातून जाळ. तिरंदाजानं बाण लावला. जादूगारानं मंत्र काढला. मिस्त्रीनं हात वर केला.

"साहब, ये आग लगातार निकलती है? बुझती नहीं?"

"कधीच नाही," डीएम अभिमानानं म्हणाला.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रीकडे पाहिलं. आमची गिरणी उसन्याची. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवा, वाफवा, वाळवा, मग भरडा. आणि वाफेसाठी बॉयलर रात्रंदिवस पेटता ठेवा. मिस्त्रीचं अर्धं आयुष्य त्या भट्टीत भुसा लोटण्यात गेलेलं. तो हळू आवाजात ड्रॅगनशी बोलू लागला. दोन वेळचं जेवण, पावसाळ्यात डोक्यावर छप्पर, वर्षातून एकदा गावी जायला रजा. डीएम म्हणाला, ड्रॅगन असा ऐकत नसतो, फासा टाका. पार्सल आलेलं होतं. मिस्त्रीनं फासा कपाळाला लावून टाकला. वीस.

डीएम काही न बोलता चारही वह्या काखेत घेऊन खाली उतरला. आम्हाला वाटलं, संपलं. पोराचं मन मोडलं. मामी मला बोलली, "कायले गेले तुम्ही पोरांच्या खेळात?" मी पडून राहिलो.

साडेबाराला फोन वाजला. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज.

"मामाजी, झोपले काय? एका पाळीले बॉयलरमध्ये भुसा किती लागते?"

मी सांगितलं.

"म्हणजे ड्रॅगन आल्यावर तेवढा वाचला," तो म्हणाला, आणि थोडा वेळ लिहीत राहिला. मग विचारलं, "अन् त्याची हजेरी कोणत्या वहीत मांडू? हमालांच्या की मिस्त्रीच्या?"