दोरीवरचे काळे टी-शर्ट

अहो काकू, तो काळा टी-शर्ट माझाच. वाऱ्यानं उडून तुमच्या जास्वंदीवर गेला वाटतं. द्या इकडे. नाही हो, भुताखेताचं चित्र नाही ते, बँडचं नाव आहे. त्या मुळ्या आणि काटे दिसतायत ना, ती सगळी अक्षरं आहेत. मलाही वाचता येत नाही. नाव जितकं अगम्य तितका बँड जहाल, असा या मेटलवाल्यांचा हिशोब आहे.

शनिवारी शोहून मी किती वाजता आले ते दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी सांगितलंच असेल तुम्हाला. काय म्हणाले? ‘या वयात?’ म्हणू द्या. त्यांच्या सूनबाईंनी मला लिफ्टमध्ये हळूच विचारलंय, पुढचा शो कधी म्हणून. हे मात्र तुमच्यापाशीच ठेवा.

या वयात म्हणजे काय, मला हे वेड कॉलेजातच लागलं. धोबीतलावला झेवियर्सच्या शेजारी रंगभवन होतं, आठवतं? वर आकाश उघडं, समोर पायऱ्या. तुम्ही तिथे नाटक पाहिलं असेल. आम्ही जायचो ‘इंडिपेंडन्स रॉक’ला. फरहाद वाडियांनी 1986 मध्ये सुरू केलेला महोत्सव, आय-रॉक म्हणायचो आम्ही. देशभरातले नवखे बँड यायचे आणि पब्लिक असं खवट, की वाजवणं आवडलं नाही तर दुसऱ्या गाण्यालाच हुर्यो. तिथे टिकला तो कुठेही टिकला. त्याच रंगभवनात 1980 मध्ये ‘द पोलिस’ वाजवून गेले होते, स्टिंगचा बँड. आणि बोलावलं कुणी? ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’नं. समाजकार्यासाठी पैसे उभे करणाऱ्या बायकांचा क्लब हो तो! आपल्या महिला मंडळाला सुचतंय का असलं काही? आपली धाव तांबोळा आणि पाककृती स्पर्धेपर्यंत.

मग रंगभवन बंद का पडलं? आवाजामुळे. एका बाजूला जीटी हॉस्पिटल, दुसरीकडे कामा, शेजारी कॉलेज. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले 2000 मध्ये. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, दिवसा 50 डेसिबल आणि रात्री 40. चाळीसमध्ये आपल्या मिक्सरचंसुद्धा वाटण होत नाही, तिथे गिटार कुठली वाजायला! पुढच्या दोन-चार वर्षांत रंगभवनातला रॉकचा गजर थांबलाच. आता खरं सांगू? ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी ड्रम वाजू नयेत हे मला पटतं. माझी तक्रार एवढीच, की रंगभवन गेलं आणि त्याच्या बदल्यात तसं दुसरं काही कुणी दिलं नाही. आय-रॉक अंधेरीला चित्रकूट मैदानावर गेला, पण त्या पायऱ्यांवर बसण्याची मजा मैदानात कशी येणार? लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ निघालं, 2007 मध्ये. आवाजाची व्यवस्था काय सुरेख होती! 2016 ला तेही मिटलं. या शहरात बँड टिकतात काकू, जागा टिकत नाहीत.

आणि अण्णांनी आवाजाबद्दल बोलूच नये. विसर्जनाला त्यांच्याच मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीनं माझ्या फडताळातल्या वाट्या चालत पुढे आल्या होत्या. मी शोला जाते तेव्हा कानात प्लग घालून जाते. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो म्हणतात, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पोचलात की पंधराच मिनिटं! पुढच्या गणपतीत काकांना देते एक जोडी. चांदीच्या डबीत ठेवा, अत्तराच्या फायासारखी.

हे गायक ओरडतात कशाला म्हणता? ते ओरडणं नाही हो. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्या थरथरवून तो खर्जातला गुरगुराट काढतात. श्वास पोटातून. ज्याला जमत नाही त्याचा घसा दोन गाण्यांत बसतो. ज्याला जमतं तो तासभर गुरगुरून खाली उतरतो आणि अगदी गोड आवाजात ‘ताई, पाणी आहे का?’ विचारतो. मला विचारलंय.

बरं, देवाधर्माचं म्हणाल तर ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ नावाचा मुंबईचाच बँड आहे. नाव ऐकून हात जोडू नका, पुढे ऐका. 2017 मध्ये त्यांचा अल्बम आला, त्याचं नाव ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं. बँडचा म्होरक्या साहिल मखिजा, तो यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करतो, ‘हेडबँगर्स किचन’. कीटोचे पदार्थ! तुमच्या जावयांना डॉक्टरांनी पोळी-भात कमी करायला सांगितलाय ना, त्यांना दाखवा. मात्र दाढी बघून घाबरू नका म्हणावं. दुसरा एक ‘भयानक मौत’. या नावाला भाषांतर लागत नाही. आणि ‘स्क्राइब’ तर पक्के वात्रट: एका अल्बमचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’, दुसऱ्याचं ‘हेल मोगॅम्बो’. एवढ्या कर्कश संगीतात हिंदी सिनेमाची टिंगल भरायची म्हणजे डोकं लागतं. त्यांचे शो मी आयुष्यात सर्वांत जास्त हसत पाहिलेत.

मारामारी? ते तुम्ही व्हिडिओत पाहिलं ते ‘पिट’. मध्ये रिंगण मोकळं करतात आणि पोरं एकमेकांवर आदळतात. बाहेरून भांडण वाटतं, पण नियम कडक आहेत. कुणी पडलं की चार हात लगेच उचलतात. मुद्दाम कोपर मारणाऱ्याला बाहेर काढतात, तेही त्याचेच मित्र. एकदा एकाचा चष्मा पडला तर सगळं रिंगण थबकलं, दहाएक मोबाइलचे दिवे जमिनीवर. चष्मा मिळाला, त्यानं तो शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात दिला आणि पुन्हा आत उडी! मी आत जात नाही हो, गुडघे माझे आहेत. मी डाव्या बाजूला, ध्वनीवाल्याच्या टेबलापाशी उभी राहते. आवाज तिथेच सर्वांत नीट ऐकू येतो, कारण तो स्वतःच्या कानाला बरं वाटेल तसंच जुळवतो. बायकांच्या स्वच्छतागृहाला रांग नसते, हाही एक फायदा सांगून ठेवते.

दंगा झालाच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 2011 मध्ये गुडगावला मेटॅलिकाचा शो ऐनवेळी रद्द झाला आणि लोकांनी मंचावर चढून मोडतोड केली. पण दोनच दिवसांनी तोच बँड बंगळुरूला वाजला, आणि सुरळीत वाजला. वाट पाहायला लावून रिकाम्या हाती घरी पाठवलं की भजनाच्या कार्यक्रमालाही लोक खुर्च्या फेकतील.

मोठे शो पाहिलेत की. आयर्न मेडन 1 फेब्रुवारी 2008 ला वांद्रे-कुर्ला संकुलात आले, त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला मुक्काम आपली मुंबई! आणि विमान कोण चालवत होतं माहितीये? त्यांचा गायक. ब्रूस डिकिन्सन खराखुरा वैमानिक आहे. बोइंग 757 मध्ये बँड, माणसं, सामान सगळं भरून लंडनहून घेऊन आला. गन्स अँड रोझेस तर दोनदा येऊन गेले, एकदा 2012 ला आणि मग 2025 ला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. पण खरं सांगते, मोठ्या शोला आपण असतो की नसतो, त्यांना काय फरक पडतो? गायक मुंगीएवढा, पडद्यावर पाहायचं, आणि समोरचा उंच मुलगा अख्खा कार्यक्रम मोबाइलवर टिपत उभा. त्यापेक्षा शनिवारचा बघा. छोटीशी जागा, दीडशे माणसं लोणच्याच्या बरणीसारखी ठासून भरलेली, आणि त्यातली निम्मी दुसऱ्या बँडमधली. आता वाजवणारा नंतर खाली येऊन प्रेक्षकांत उभा. अॅम्प्लिफायर स्वतः उचलून आणतात, टी-शर्ट स्वतः विकतात, सुट्टे नसले तर ‘पुढच्या वेळी द्या’ म्हणतात. उधारी चालते काकू तिथे! मी नाही आले तर त्यांच्या लक्षात येतं. गेल्या वेळी पाठदुखीनं गेले नाही, तर शनिवारी त्या टी-शर्टवाल्या मुलानं पहिलं विचारलं, पाठ कशी आहे?

आता आतली बातमी. सगळ्यांत मोठी टंचाई ड्रमरची. गिटार फ्लॅटमध्ये हेडफोन लावून शिकता येते. ड्रम घरात ठेवा, सोसायटीची नोटीस दुसऱ्या दिवशी दारात. म्हणून चांगला ड्रमर तीन-तीन बँडांत. शनिवारी एकच मुलगा दोन बँडांना वाजवत होता, मध्ये फक्त शर्ट बदलला. दोन्ही पायांनी असा झपाटा लावतो की वाटतं खाली शिवणाचं मशिन आहे. त्याच्यावरून दोन बँडांत धुसफूस चालू आहे म्हणे. तालमीची खोली एकानं आगाऊ घेऊन ठेवली आणि हा दुसऱ्यांकडे गेला. तिसरा बँड आता त्याला पुण्याचा शो दाखवून ओढतोय. मला सगळं माहीत असतं, टी-शर्टच्या टेबलापाशी उभं राहिलं की कळतंच.

कोण, तोच ड्रमर? चांगला आहे मुलगा. बँकेत आहे, सरकारी. घर कल्याणला, स्वतःचं. केस? केस लांब आहेत, पण नोकरीवर अंबाडा घालून जातो. आई बरोबर येते कधीकधी, मागच्या खुर्चीवर विणत बसते. का हो, तुमच्या नाशिकच्या भाचीसाठी विचारताय? मंगळ-बिंगळ मला ठाऊक नाही, पण ताल पक्का आहे. पुढच्या शनिवारी त्याचा शो आहे, आई येणारच. तुम्हीही चला. प्लग माझ्याकडे आहेत जास्तीचे. फक्त अण्णांना कळू देऊ नका, नाहीतर ते बैठक बोलावतील.