सहकारी तत्त्वावरचा अपघात

सहकार आपल्या जिल्ह्याच्या रक्तातच आहे. १९५० साली लोणीत महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि तेव्हापासून आपण एकट्याने काही करायचं सोडूनच दिलं. साखर सहकारी, दूध सहकारी, पतसंस्था सहकारी. मग अपघात तेवढा खासगी क्षेत्रात का ठेवायचा? बेलापूर पंचक्रोशीतल्या वाहनधारकांनी तोही कधीच सहकारी तत्त्वावर चालवायला घेतला आहे. भाग घ्यायला पैसे पडत नाहीत, एखादी वाईट सवय पुरते. सभासद व्हायचं टाळावं, तर तशी सोय नाही. रेल्वेचं ‘बेलापूर’ स्टेशनसुद्धा श्रीरामपुरात आहे, त्यामुळे बेलापूरकराला बेलापुरात यायचं तरी रस्त्यानेच यावं लागतं.

पेपरात बातमी येते, ‘उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून तरुण ठार’. पारावर बसलेला जाणता माणूस उसासा सोडतो, “पोराची वेळ भरली होती.” ती एकट्याने भरत नसते. चार-पाच सभासदांनी आपापला वाटा वेळेवर भरलेला असतो.

पहिला मान ऊस वाहतुकीचा. हंगाम पेटला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. उसाची टोकं दोन्ही अंगांनी बाहेर आलेली, पुढे टेपवर गाणं दणाणतंय, मागे मिट्ट काळोख. हंगामाच्या तोंडाला कारखान्यावर आरटीओचे साहेब येतात, ट्रॉल्यांना रेडियम चिकटवतात, फोटो निघतो. आठ दिवसांत चिखल आणि पाचट रेडियमवर बसतं. पुसायला एक फडकं लागतं, पण “एवढा डोंगर दिसत नाही का लोकांना?” असा सवाल येतो. टायर फुटला की ट्रॉली जागच्या जागी उभी राहते. मागे दोन दगड आणि बाभळीची फांदी ठेवून गडी जॅक आणायला जातो. काम झाल्यावर ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात. तो आमचा राखीव निधी.

दुसरा भाग समोरून येणाऱ्याचा. त्याच्या गाडीला डिपर आहे, पण ते वापरणं त्याला कमीपणाचं वाटतं. आपण फुल लाईट मारला म्हणून तोही फुल मारतो, आणि मग दोघेही आंधळे होऊन अत्यंत आत्मविश्वासाने एकमेकांच्या दिशेने निघतात.

तिसरा भागधारक दूधवाला. पहाटेची वेळ, दोन्ही बाजूंना किटल्या, मोबाईल कान आणि खांद्याच्या बेचक्यात. हेल्मेट आहे ना! कोपरात अडकवलेलं आहे. आजवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब असा की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. कोपराचे आकडे अजून हाती आलेले नाहीत. आणि मोबाईलचं म्हणाल तर साठच्या वेगात पाच सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, तर गाडी ८३ मीटर कुणाच्याही देखरेखीविना जाते.

चौथा भाग वेगाचा. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. मग कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी २०. एकूण ४५. डिपरच्या उजेडात बिनरेडियमची ट्रॉली साधारण तेवढ्याच अंतरावरून ओळखू येते, म्हणजे साठवर हिशेब जेमतेम बसतो. ऐंशीवर हेच अंतर ६९ मीटर होतं. वेग एक-तृतीयांशानेच वाढला, पण नुसत्या ब्रेकचं अंतर पावणेदोन पट झालं. २४ मीटरची तूट आली, ती ट्रॉली भरून काढते. या सगळ्यात मिळकत किती? सहा किलोमीटरला दीड मिनिट. ते दीड मिनिट वाचवून आमचा गडी टपरीवर अर्धा तास चहा पीत बसतो.

मागच्या सीटवरचे लोक स्वतःला सभासद मानतच नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, ते दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, सुरक्षेत कमी नव्हती. तेव्हा काही दिवस राज्यभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि मग पट्टे पुन्हा सीटकव्हराखाली गेले. शिर्डीहून शिंगणापूरला निघालेल्या भाड्याच्या गाडीत चालकाने “पट्टा लावा” म्हटलं, की आजही मागून विचारणा होते, “का? पुढं पोलीस हायेत का?”

शिवाय नाममात्र सभासदही आहेत. मिसरूड फुटायच्या आत बुलेटवर बसणारे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायदा सांगतो की अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापाला हे सांगून पाहा. तो कौतुकाने म्हणतो, “आठवीत असल्यापासनं चालवतोय पोरगं.”

अशा या कारभाराला हरकत घ्यायला कुणी उठलं की एक ज्येष्ठ सभासद हमखास उभा राहतो. “वीस वर्षं झाली ट्रॅक्टर हाकतोय. कधी रेडियम लावलं नाही. झालं का काही?” सभा गार. कारण त्याचं म्हणणं अक्षरशः खरं असतं. फक्त ती वीस वर्षं त्याची नसतात, मागून येणाऱ्यांची असतात. रोज रात्री त्या ट्रॉलीमागे कुणीतरी जागा होता, कुणी हळू येत होता, कुणाचे ब्रेक चांगले होते. त्यांच्या सावधपणावरचं व्याज खाऊन हा अनुभवी झाला. वाईट सवय दर खेपेला शिक्षा करत नाही, हीच तिची खरी लबाडी. शंभरदा सुटलेला माणूस त्याला नशीब म्हणत नाही, हातखंडा म्हणतो.

देशपातळीवरचा ताळेबंद २०२२ सालचा घ्या. सरकारी अहवालानुसार त्या वर्षी रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. दिवसाला ४६२. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावे मांडले आहेत. एकेका मृत्यूपुढे एकेकच कारण लिहायची ही सरकारी पद्धत आमच्या पथ्यावर पडते. बाकीचे भागधारक निर्दोष सुटतात.

आणि लाभांशाच्या वेळी तर सहकार संपतोच. भाग सगळ्यांचे, तोटा मात्र एकाच घरात जमा. उरलेले सभासद सांत्वनाला जातात, एका दुचाकीवर तिघे बसून. गावचे कार्यकर्ते ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा भलामोठा फ्लेक्स लावतात, तोही नेमका वळणावर, म्हणजे पलीकडून येणारी गाडी दिसू नये.

निराश व्हायचं मात्र कारण नाही. या कारभारात एक कच्चा दुवा आहे. अपघात व्हायला जवळजवळ सगळ्यांचे भाग वेळेवर जमा व्हावे लागतात. ट्रॉलीला रेडियम असतं, तर ऐंशीवाल्यालाही ती लांबून दिसली असती. तो साठवर असता, तर तिच्या अलीकडे थांबला असता. समोरच्याने डिपर दिला असता, मोबाईल खिशात असता, हेल्मेट कोपराऐवजी डोक्यावर असतं, तर बातमी ‘ठार’ऐवजी ‘किरकोळ जखमी’ झाली असती, किंवा आलीच नसती. सर्वांनी सुधारावं, ठराव व्हावा, समिती नेमावी, असलं काही लागत नाही. कुणाही एकाने आपला भाग काढून घेतला की सगळा व्यवहार अवसायनात निघायची पाळी येते.

चालती सहकारी संस्था बुडवायला एक संचालक पुरतो, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. हा अनुभव एकदा तरी सत्कारणी लावू या.