कंसाचा वैरी

मसोलीत रात्री एक वाजता खिडकीत दिवा दिसला की दोनच शक्यता: घरात कुणी आजारी आहे, नाहीतर कुणी कंपायलर लिहितोय. दुसऱ्यावर औषध नाही.

हा गडी दिवसा डहाणू रोडहून लोकल पकडून नोकरीला जातो. घरातला पंखा आठ महिने कुरकुरतोय, तिकडे ढुंकून पाहत नाही. रात्री मात्र स्वतःची भाषा घडवत बसतो. जगात ती येणारा हा एकटाच.

शेजारच्या काकांचा जन्म सोनारांसाठी पोलादी डाय कोरण्यात गेलाय. त्यांनी विचारलं, "चालते कुठल्या मशीनवर?"

"व्हर्च्युअल मशीनवर. म्हणजे तसं मशीन नाहीये, काका. तेही मीच लिहिलंय."

काकांनी मुकाट्यानं चहा संपवला.

वडिलांची चिकूची वाडी. त्यांना यानं समजावलं, "आधी ओळीचे शब्द सुटे करायचे, मग त्यांचं झाड उभं करायचं. मूळ वर, फांद्या खाली."

"फळ कधी धरतं?"

मग त्या झाडाचा बाइटकोड, म्हणजे मशीनसाठी सुटसुटीत आज्ञा. आकडे एकावर एक रचायचे (हा ढीग म्हणजे स्टॅक), वरचे दोन उचलायचे, बेरीज-गुणाकार करून उत्तर परत वर ठेवायचं. हे वडिलांना पटलं. चिकूचे खोकेही असेच रचतात. पहिली चाचणी झाली: २ + ३ × ४. उत्तर आलं २०. गुणाकाराआधीच बेरीज उरकली होती. यायला हवं होतं १४.

"राहू दे तसंच," वडील म्हणाले. "आपल्या बाजूनं चुकणारा पहिल्यांदाच भेटला."

मध्यरात्री आरोळी उठते, "कंस बंद झाला नाही!" आजी अंथरुणातून विचारते, "अजून मेला नाही का तो मेला?"

याचं पंढरपूर ब्राझीलमध्ये. रिओच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली तिघांनी 'लुआ' ही आटोपशीर भाषा केली. ती पुढे जगभरच्या व्हिडिओ गेममध्ये शिरली. दिवाळीत याचं सगळं नीट चालू लागलं. शहाणा माणूस तिथं थांबला असता. पण यानं वाचलं, की २००३ च्या ५.० आवृत्तीत लुआनं स्टॅकचा ढीग सोडून रजिस्टरं, म्हणजे नंबर दिलेले कप्पे, धरली. झालं! भाऊबीजेच्या रात्री बसून यानं आपलं मशीन पुसलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार परत आलेत. भागाकार यायचाय. वाडीचा हिशेब अजून खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं होतो, आणि पंखा कुरकुरतोय.