कागदावरची सुनंदा

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून मी गावाचा बिनपगारी पेन्शन सल्लागार. सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांना तोटा नाही, त्यामुळे ओटा कधी रिकामा नसे. ‘आधी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, तपासा!’ मी प्रत्येकाला परेडच्या आवाजात सुनावायचो. स्वतःचा तपासला तो मुलाने लष्करी पेन्शनचं ‘स्पर्श’ पोर्टल उघडल्यावर.

त्यात पत्नीचं नाव सुनंदा. आधारवर लक्ष्मी. लग्नात नाव बदललं, पण रजेवरून परतल्यावर युनिटातल्या क्लार्कने विचारलं तेव्हा तोंडातून माहेरचंच निघालं. जन्मतारीख तर ठोकून दिली 1 जून. आमच्या पिढीतलं निम्मं गाव मास्तरांनी त्याच दिवशी जन्माला घातलं होतं. नोंदीची पार्ट टू ऑर्डर निघाली आणि ही सुनंदा रेकॉर्ड ऑफिसात कायमची राहायला गेली.

‘अहो, सुनंदा तर मांडवातच संपली,’ बायको म्हणाली, ‘आता पेन्शन कुणाच्या हातात देणार?’

मी हिशेब सांगून बाजू सावरायला गेलो. निवृत्त सैनिक वारला तर पत्नीला साधारणपणे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. सुरुवातीची 7 वर्षं, किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोवर, यांपैकी जे आधी संपेल तेवढा काळ 50 टक्के. माझी सदुसष्टी कधीच उलटलेली. म्हणजे वाढीव दर मी निव्वळ जिवंत राहून बुडवला होता. बायकोने तेही ऐकून घेतलं.

अब्रू वाचवायला मृत्युपत्र काढलं. वकिलांनी वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला. ‘माझ्यामागे पेन्शन मुलांनी समान वाटून घ्यावी’ असं मी झोकात लिहिलं होतं! कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ताच नव्हे. ते नियमाने ठरलेल्या माणसालाच मिळतं, मृत्युपत्राने वाटता येत नाही. साक्षीदार म्हणून सह्या त्याच दोन मुलांच्या. बँकेत नॉमिनी कोण, तर आई. तिचं वर्षश्राद्ध होऊनही जमाना झाला. नॉमिनी हा पैशांचा केवळ राखणदार, मालक वारसच, हेही तेव्हाच कळलं. ओट्यावर मी बरोब्बर उलटं सांगत आलो होतो.

मग सुनंदाची लक्ष्मी करायला प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस आणि शेवटी प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्त पीपीओ.

तेव्हा मंडळी, माझा सल्ला घेतला असेल तर तो विसरा. पीपीओवरचं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आजच आधारशी जुळवा, पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर करा. आपण हयात असताना ही दुरुस्ती आपल्या अर्जाने होते. नंतर ‘ती मीच’ हे सिद्ध करत तिला एकटीला हेलपाटे घालावे लागतात.