रसिकांचे दात

शाळा सुटली की नागपुरात फाटकाबाहेर आंबटाचा दरबार भरतो. थंडीत बोरं आणि आवळे, उन्हं तापली की तिखट-मीठ लावलेली कैरी, आणि चिंच बारा महिने. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे उतरतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे दातांना उसंत अशी नाहीच. अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांच्या बागेत इथली पहिली संत्री लागली म्हणतात, आणि २०१४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात आंबटाविरुद्ध बोलणं म्हणजे पंढरपुरात टाळ वाजवू नका म्हणण्यासारखं.

तरी दंतवैद्य बोलतात. दाताचं एनॅमल हा आपल्या देहातला सगळ्यांत कठीण पदार्थ, शेकडा ९६ भाग खनिज. ते पेन्सिली चावतं, सुपाऱ्या फोडतं, आणि चिंचेच्या एका बुटकापुढे शरण जातं. तोंडातला पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की हे खनिज विरघळू लागतं. लिंबाचा रस आणि बाटलीतला कोला तर अडीचच्या आसपास. यात किडीचा हात नसतो, त्यामुळे जंतूंवर खापर फोडायचीही सोय नाही. मुलांच्या दातांच्या कडा हळूहळू पातळ, पारदर्शक होतात, दाढांवर इवल्या वाट्या पडतात. आणि एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवताच कायमच्या निरोप घेऊन गेलेल्या असतात.

मला नवल वाटतं ते दाताच्या न्यायाचं. किती खाल्लं याइतकाच तो हिशेब ठेवतो, किती वेळ घोळवलं याचा. सरबताचा पेला घटाघट रिकामा करणारा अधाशी थोडक्यात सुटतो. घोट जिभेवर फिरवत, डोळे मिटून बसणारा पकडला जातो. आमच्या वर्गात एक मुलगी होती. चिंच, गूळ, मीठ, जिरं कुटून काडीला लावलेला गोळा ती गणिताचा अख्खा तास गालात पुरवायची. फळ्यावरची अपूर्णांकांची रांग संपे, तिचा गोळा संपत नसे. आम्ही तिला तपस्विनी मानत होतो. दंतशास्त्राच्या दरबारात ती पहिली आरोपी ठरली असती.

लाळ बिचारी कॅल्शियम आणि फॉस्फेट घेऊन डागडुजीला धावते, पण तिला सवड हवी. म्हणून आंबट खाल्ल्यावर नुसती चूळ भरायची आणि निदान अर्धा तास ब्रशला हात लावायचा नाही. मऊ पडलेला थर घासून जातो. हे मी माझ्या भाचीला समजावलं. पुढचे दोन मोठे दात नुकतेच आलेली ती, फार लक्ष देऊन ऐकत होती.

"मामा, मग रोज झोपायच्या आधीच कैरी खाऊन घेते ना. तेवढाच ब्रश वाचला."

झोपेत लाळ आटते, म्हणून ती वेळ सगळ्यांत वाईट, हे तिला सांगणं माझ्या जिवावर आलं.