वाढत्या अंगाला आठ रुपये

अंगणवाडीतल्या एका मुलाच्या एका दिवसाच्या पूरक आहाराला सरकार आठ रुपये धरतं. मूल तीव्र कुपोषित असेल तर बारा. हा दर २०१७ साली ठरला. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तो योग्य तेवढा वाढवू, असं सांगण्यात आलं. तोवर सात वर्षं तो जागचा हलला नव्हता. या सात वर्षांत डाळ, तेल आणि गॅस कुठे जाऊन पोचले, ते सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या बाजारातून पिशवी घेऊन परतणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो आणि सुधारायलाच हवा. तीन वर्षांच्या पोराची महागाई मात्र कुणी मोजत नाही.

या आठ रुपयांत ठरवून दिलेले उष्मांक आणि प्रथिनं बसवायची, असा नियम आहे. एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं. हिशेब तिथेच संपला. राज्यात अंडं देणारी योजना आहे, ती म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. ती आदिवासी भागासाठी आहे. तिथे ती हवीच, आहे त्याहून नीट चालायला हवी. पण आमचे खटाव-माण तालुके त्या क्षेत्रात मोडत नाहीत, म्हणून इथल्या पोराच्या ताटात ते अंडं पडत नाही. दुष्काळी पट्ट्यातली भूक सरकारच्या याद्यांत वेगळ्या रकान्यात असेल, पोटात ती सारखीच असते.

अंगणवाडी सेविका मुलाच्या दंडाला एक पट्टी गुंडाळते. हिरवा, पिवळा, लाल, असे तिचे तीन रंग. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड भरला की लाल. म्हणजे पोराचा दंड आपल्या अंगठ्या-बोटाच्या वेढ्यात सहज मावतो. ही पट्टी बोलते लगेच, तिच्यापुढची यंत्रणा हलायला वेळ लावते. अशा मुलांना गावातच दिवसातून अनेक वेळा खायला घालून वर काढायचं, यासाठी महाराष्ट्राने ग्राम बालविकास केंद्रं काढली. कल्पना उत्तम होती. मध्ये निधी थांबला आणि केंद्रं बंद पडली, पुढे पुन्हा सुरू झाली. ज्या मुलांचं दुसरं वर्ष त्या मधल्या काळात सरलं, त्यांना ते परत कोण देणार? पोटरीत आलेल्या ज्वारीचं पाणी चुकलं, तर नंतर कॅनॉल आणून कणीस भरत नाही, हे खटाव तालुक्यात शाळकरी पोरही सांगेल.

अशी वाढ चुकलेली मुलं किती, ते राज्याचे आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ मध्ये ती ३५.२ टक्के झाली. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणना होणाऱ्या राज्यात तीनातलं एक मूल खुंटलेलं आहे आणि त्यावरून विधानसभा बंद पडत नाही.

निधी मध्येच थांबवण्याचा प्रकार ब्रिटनमध्येही झाला. तिथे १९९९ पासून गरीब वस्त्यांत ‘शुअर स्टार्ट’ नावाची बालविकासाची केंद्रं उघडली. २०१० नंतर त्यांचा निधी कापला, शेकडो केंद्रांना टाळं लागलं. २०२४ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने हिशेब मांडला. लहानपणी जवळ केंद्र असलेल्या गरीब मुलांनी सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत स्पष्टपणे जास्त गुण मिळवले होते. फायदा सिद्ध झाला तेव्हा बरीच केंद्रं उरलीच नव्हती. बालपणावर घातलेल्या पैशाचं पीक पंधरा वर्षांनी येतं, निवडणूक पाच वर्षांनी. सगळा घोळ इथे आहे.

आपल्याला मात्र ब्रिटनकडे बघायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तर बालवाडी उचलून त्यांनी पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज माणदेशातला मेंढपाळ दिवाळीनंतर कळप, घोडी आणि कच्चीबच्ची घेऊन बाहेर पडतो. ऊसतोडीच्या टोळ्या परजिल्ह्यातून कारखान्यांच्या फडावर येतात, पोरं कोपीत. त्यांच्या वाटणीचे आठ रुपये त्यांच्यामागून चालत गेले पाहिजेत. घोड्यावर लादलेल्या संसारात बाळ दिसतं, तसं ते यादीतही दिसलं पाहिजे. आणि हे काम जिच्यावर टाकायचं ती सेविका अजून मानधनावर आहे. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला तिचा संप जानेवारी संपत आला तरी चालू होता. पगार मागितला की ती स्वयंसेविका, काम द्यायचं झालं की कर्मचारी. हे बंद करा.

आहाराचा खर्च दिल्ली आणि मुंबई निम्मा-निम्मा उचलतात. दर वाढवायचा अधिकार गावाकडे नाही. पण गावाच्या हातात काहीच नाही, हेही खरं नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्चायचा असतो. त्यातून अंडी येऊ शकतात, वजनकाटा दुरुस्त होऊ शकतो, अंगणवाडीत नळ येऊ शकतो. वडुजात नगरपंचायत आहे, तिथे प्रश्न नगरसेवकाला विचारा. तालुक्यातल्या बाकी गावांनी पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारावं: गेल्या वर्षीचे दहा टक्के म्हणजे रुपये किती, ते कशावर खर्च झाले आणि आपल्या अंगणवाडीत लाल पट्टीची मुलं किती? उत्तर तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या.