भविष्यासाठी १२८ जीबी

भिवंडीजवळच्या मानकोलीच्या गोदामाला चाळीस फोन हवेत. त्यांना जोडणारं अॅस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सॉफ्टवेअरमध्ये काही सुटणार नाही म्हटल्यावर विक्रेत्यानं सगळी कसर यंत्रावर काढली: दोन प्रोसेसर आणि १२८ जीबी रॅम. एवढी कशाला, या प्रश्नाला कोटेशनमध्ये एकाच शब्दात उत्तर आहे: ‘भविष्यासाठी’.

हे भविष्य मला पाहायचंय. त्या दिवशी शेठ, मुनीम, वॉचमन आणि झाडून सगळे हमाल एकाच क्षणी कानाला फोन लावून उभे असतील आणि ट्रक बाहेर उन्हात तापत असतील. बरं, लावले. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत, एका कॉलला एका दिशेनं फार तर नव्वदेक किलोबिट लागतात. चाळिसांना साडेतीन मेगाबिट, म्हणजे घरचं वायफायही पुरून उरेल. मग रॅम भरायची कशानं? रेकॉर्डिंग करू. साध्या फाइलमध्ये मिनिटाला साधारण १ एमबी. १२८ जीबी भरायला एका माणसानं जेवणखाण, झोप आणि ‘हॅलो, ऐकू येतंय का’ धरून जवळजवळ तीन महिने अखंड बोललं पाहिजे. इतकं बोलूनही उपयोग नाही, कारण रेकॉर्डिंग डिस्कवर जातं. रॅम कोरीच!

खरा हिशेब टेलिफोनवाल्यांना अर्लांगच्या १९१७च्या सूत्रापासून येतो. गर्दीच्या तासात समजा ६० कॉल, प्रत्येकी तीन मिनिटं: झाले ३ अर्लांग, म्हणजे सरासरी तीन कॉल एका वेळी चालू. शंभरात एखादाच कॉल अडला तर चालेल म्हणाल, तर ८ लाइन पुरतात. एवढं काम तळहाताएवढा संगणकही करतो. सर्व्हरला घाम फुटतो तो एका कोडेकचा आवाज दुसऱ्यात बदलताना. कोणते कोडेक वापरणार, हे मात्र कुणी विचारलेलंच नाही.

आणि यूपीएस? कोटेशन उलटंपालटं करून पाहिलं. नाही! भिवंडीत! जिथं वीज गेली की माग थांबतो आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराची कमाईही थांबते, जिथं वीज जाते हे पोराटोरांनाही ठाऊक आहे, तिथं हा मनुष्य दहा वर्षांनंतरचं भविष्य बघून आला आणि त्याला आज दुपार दिसली नाही! वीज गेली की त्या १२८ जीबीत काय ठेवायचं, लोणचं?

शेठ, सही करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: गर्दीच्या तासाला एकदम कॉल किती, आणि वीज गेल्यावर फोन किती मिनिटं चालणार. उत्तर येईपर्यंत चेकबुक कपाटात राहू द्या.